तात्यांच्या तोंडाला पाडलेली खिडकी

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला शूरवीर ठरवायला नको. लहानपणी मी पालीला भ्यायचे, ढगांना भ्यायचे, शाळेतल्या बाईंच्या चष्म्याला भ्यायचे, आणि आमच्या अण्णांनी नुसतं खाकरलं तरी हातातलं भांडं पडायचं. उमरग्यात आमचं दुकान हैदराबादच्या रस्त्याला अगदी लागून, आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. ट्रक गेला की फळीवरच्या कपबश्या वाजायच्या आणि हॉर्न वाजला की मी वाजायचे. आई म्हणायची, "सगळ्या गावाला सवय झाली, हिलाच कशी होईना?" माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा दादा तर मला भित्री भागूबाई म्हणूनच हाक मारायचा, तेही चारचौघांत. खरं नाव सविता, पण ते फक्त हजेरीला.

अण्णांचं दुकान ताडपत्रीचं. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या, टेम्पोचे हुड, हॉटेलांपुढचे पडदे, आणि सणासुदीला, सभा-लग्नाला लागणारे मोठमोठे कापडी फलक. कापड मापून कापायचं काम अण्णांचं. कडा दुमडून शिलाई मारायचं काम आईचं. तिचं मशीन इतकं जड होतं की ते चालू झालं म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या तांब्यातलं पाणी थरथरायचं. तयार माल बांधायला जायचं, खांबावर, छपरावर, ट्रकच्या टपावर चढायचं, ते दादाचं. आणि रिंगा ठोकायचं काम माझं. फलकाच्या कडेला जी पितळी गोल भोकं दिसतात ना, ज्यांतून दोरी ओवतात, त्या रिंगा. ते काम मला मिळालं कारण ते जमिनीवर बसून करायचं असतं. उंचावर चढवलं असतं तर मी तिथंच जीव सोडला असता.

रिंग म्हणजे दोन तुकडे. एकाला छोटी नळी असते, दुसरा नुसती चकती. कापडाला पंचानं भोक पाडायचं, खालून नळी वर काढायची, तिच्यावर चकती बसवायची, आणि वरून ठोका. ठोका बरोबर बसला की नळीची कड उलटून चकतीला मिठी मारते. हलका बसला तर रिंग सैल राहते, जोरात बसला तर नळी चिरते आणि तिचे दात कापडालाच खातात. खाली चिंचेच्या लाकडाचा ठोकळा, माझ्या मांडीएवढा जाड. प्रत्येक रिंगेनंतर अंगठा दाबून ती फिरते का बघायचं. अण्णांना मात्र अंगठ्याची गरज नसे. आत भाकरी खाताना ते नुसता आवाज ऐकायचे आणि तिथूनच ओरडायचे, "सवे, ती मागची काढ. फिरायलीय ती." मी अंगठा लावून बघायचे तर खरंच फिरत असायची. मग भीतीनं माझी पुढचीही वाकडी जायची.

दादा माझ्या अगदी उलटा. त्याला भीती म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. चप्पल काढून, पायाच्या अंगठ्यात दोरी धरून तो माकडासारखा वर जायचा आणि वरून शीळ घालायचा. मागच्या अंगणात अंधारात जायचं झालं की मी त्यालाच उठवायचे. तो कुरकुर करत यायचा, पण मी बाहेर येईपर्यंत शीळ घालत उभा राहायचा, म्हणजे मला कळावं की तो आहे. कामावर तो वर चढला की मी डोळे मिटून घ्यायचे. मला बघवायचंच नाही. त्यामुळं खाली पाय टेकल्यावर तो न चुकता म्हणायचा, "सवे, आलो गं." मग मी डोळे उघडायचे. लोक हसायचे. हसू देत. माझा जीव थाऱ्यावर यायला तेवढे तीन शब्द लागायचे.

अण्णांच्या धंद्यातल्या दोन गोष्टी इथं सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. पहिली, वाऱ्यात भरलेल्या कापडाची कड कधी सोडायची नाही. सुटलेली ताडपत्री चाबकासारखी उडते आणि तिच्या टोकाला पितळी रिंगा असतात. आमच्या दुकानी येणाऱ्या एका क्लीनरचा एक डोळा अशाच एका रिंगेनं गेला होता. तो चहा प्यायला यायचा तेव्हा मी त्याच्याकडं बघायचेच नाही. दुसरी गोष्ट, मोठ्या फलकाला खिडक्या पाडायच्या. खिडकी म्हणजे रापीनं, कापड कापायच्या धारदार पात्यानं, पाडलेली अर्ध्या चंद्रासारखी चीर. वारा आला की ती उघडते, वारा निघून जातो, फलक फुगत नाही. अण्णा म्हणायचे, "वाऱ्याशी भांडायचं नसतं, त्याला दार दाखवायचं."

धरणाकाठच्या माकणीहून विठ्ठलराव आले ते त्यांच्या वडिलांच्या पहिल्या पुण्यतिथीचा फलक करून घ्यायला. त्यांच्या वडिलांना सगळा लोहारा भाग तात्या म्हणायचा. मोठी शेती, मोठा आवाज, मोठी मिशी. तेव्हा सोलापुरात फ्लेक्स छापून मिळायला लागले होते, पण विठ्ठलरावांना तसला नको होता. "त्यो पांढरा पडतोय उन्हात. आमास्नी रंगवलेला पाहिजे. जाड कापडावर. आन् तात्याचं तोंड लांबून दिसलं पाहिजे, धरणाच्या भिंतीवरून."

मग शब्बीरचाचा आले. चाचा पेंटर उमरग्यातल्या निम्म्या पाट्यांचे धनी. दुकानाच्या जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत कॅनव्हास पसरला आणि त्यावर चाचांनी ऑइलपेंटनं तात्या काढले, नुसतं तोंड आणि सदऱ्याची कॉलर. हातात फोटो एवढासा, आणि खाली एकेक डोळा परातीएवढा. रंग वाळेपर्यंत आम्ही भिंतीला चिकटून चालायचो. आईनं बजावलं होतं, गेलेल्या माणसाच्या तोंडावरून जायचं नाही. मी कशाला जातेय! मी त्यांच्याकडं पाठ करून बसले तरी मला वाटायचं तात्या बघायलेत. चाचांना सांगितलं तर ते दाढीतल्या दाढीत हसले. "बेटी, आँख सही बनी तो देखतीच है. डरनेका नै. तू इधरसे देख, मैं उधरसे देखता." काय उपयोग? मी आणखीच भ्याले.

रंग वाळल्यावर विठ्ठलराव आपल्या आईला घेऊन बघायला आले. तात्यांच्या बायकोला गावात आक्का म्हणायचे, आणि तात्यांना घाबरणारी माणसं आक्कांना त्याहून घाबरायची असं ऐकून होते. काटकुळी बाई, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. दारात उभ्या राहून त्यांनी नवऱ्याच्या त्या अवाढव्य तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. मग एवढंच म्हणाल्या, "मिशी जरा जादा झाली." चाचांनी मान खाली घातली.

अण्णांनी खिडक्यांचं काढलं तेव्हाच. तोंड एवढं मोठं की खिडकी पाडायची तर तोंडातच. विठ्ठलराव उसळले. "तात्याच्या तोंडाला भोकं पाडता व्हय? गाव काय म्हणंल?"

"राव, धरणाच्या काठाला वारा लई असतो," अण्णा म्हणाले. "रंगामुळं कापड पार बुजून गेलंय. हवा जायला कुठंच वाट न्हाई."

"मग कड भक्कम करा. रिंगा डबल मारा. भोकं न्हाई म्हणजे न्हाई."

अण्णांनी आक्कांकडं पाहिलं. आक्कांची नजर फलकावरच होती.  कुणाच्या मेलेल्या बापाच्या तोंडावर रापी चालवणं अण्णांनाही पटत नसावं. त्यांनी माझ्याकडं वळून सांगितलं, "सवे, वीतभर अंतरानं ठोक. एक बी फिरता कामा न्हाई."

आणि मी ठोकल्या. आईनं कड दुहेरी दुमडून आत जाड दोर घातला, आणि मी चारी बाजूंनी, जीव ओतून रिंगा बसवल्या. आतून अण्णांनी एकदाही हाक मारली नाही. शेवटची ठोकली तेव्हा ते हात पुसत बाहेर आले, दोन-चार ठिकाणी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आता खांब निघंल, पण रिंग निघायची न्हाई." माझं असं कौतुक त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. मी आत जाऊन आईला दोनदा सांगितलं.

सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन आम्ही टेम्पोनं निघालो, अण्णा, दादा, आणि ठोकळा-हातोडीची पिशवी घेऊन मी. वाटेत एखादी रिंग दबलीच तर जाग्यावर बदलता यावी म्हणून अण्णा मला न्यायचे. माकणीला धरणाच्या काठावर त्यांचं शेत, तिथंच मांडव घातलेला. एकीकडं बायका चुलवणावर येसराची आमटी करत होत्या. तिच्या काळ्या मसाल्याचा वास सगळ्या मांडवात भरला होता.  दुसरीकडं टाळ-मृदंगवाले बसले होते. मांडवाच्या मागं, पाण्याकडं पाठ करून, दोन उंच बल्ल्या काळ्या मातीत पुरल्या होत्या आणि वर एक आडवी बल्ली बांधली होती. फलकाचं तोंड मांडवाकडं करायचं, म्हणजे माणसं जेवताना तात्या समोर.

सकाळी झाडाचं पान हलत नव्हतं. दादा शिडीनं वर गेला, आडव्या बल्लीवर पाय टाकून बसला, आणि रिंगांतून दोर ओवत वरची कड बांधायला लागला. मी डोळे मिटले. खाली अण्णांनी दोन्ही बाजूंच्या आणि खालच्या कडेत एकच लांब दोर ओवून आवळला. दादाची शीळ वरून येत होती. मांडवात पुढच्या खुर्चीवर आक्का बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "तात्या आलं बघा!" आणि लोकांनी हात जोडले असावेत. दादाची शेवटची गाठ राहिली होती.

आधी माझ्या पायाला गार लागलं. मग मांडवाचं कापड फडफडलं. मी डोळे उघडले तर पाण्यावरून सुरकुत्या पळत येत होत्या, आणि पुढच्या क्षणी वारा कॅनव्हासच्या पाठीवर आदळला. सगळा फलक एकदम पोटासारखा पुढं आला. चाचांनी काढलेले ते गाल फुगले, डोळे मोठे झाले, मिशी ताणली गेली. तात्या रागानं पुढं झुकलेत असं वाटलं. बायका ओरडल्या. दादाची शिडी घसरून खाली पडली आणि बल्ल्या मांडवाकडं वाकायला लागल्या.

"दोर धरा! मागनं ओढा!" अण्णा ओरडले. विठ्ठलराव, टाळकरी, वाढपी, जो तो धावत मागच्या ताणाच्या दोरांना लटकला. दादा आडव्या बल्लीला पोटाशी धरून पडला होता. शीळ बंद झाली होती. एका खांबाच्या बुडाची माती वर उचलली जात होती, मला दिसत होती, ढेकूळ फुटून भेग रुंद होत होती. तेवढ्या उंचीवरून दोन बल्ल्यांसकट माणूस खाली आला तर उचलायलासुद्धा राहत नाही. मला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि मी काय करत होते? मी माझ्या रिंगांकडं बघत होते. देवा, एक तरी निसटू दे. एक नळी चिरू दे, एक भोक फाटू दे, म्हणजे कापड उसवेल आणि वारा बाहेर पडेल. एकही हलत नव्हती. मी जीव लावून, अंगठा फिरवून, अण्णांची शाबासकी मिळवून ठोकलेल्या त्या रिंगाच माझ्या भावाला खाली ओढत होत्या. आयुष्यात मी पुष्कळ भ्यालेय, पण स्वतःच्या हाताच्या चांगल्या कामाला भ्याले ती त्याच दिवशी.

"कड सोडा, खालनं कड सोडा!" कुणीतरी कोयता घेऊन धावला. अण्णा दोराला लटकलेलेच किंचाळले, "न्हाई! कडंला हात लावू नका! फटका बसला तर पोरगं खाली जाईल!" मग खांबाच्या बाजूनं त्यांची नजर माझ्यावर आली. फलकाच्या पुढं मी एकटीच होते. पिशवी माझ्या खांद्याला होती. पिशवीत रापी होती.

"सवे! खिडकी पाड!"

"हात लावशील तर बघ!" त्याच दोराला लटकलेले विठ्ठलराव ओरडले. "तात्याच्या तोंडाला पातं लावशील तर याद राख!"

इथं मला खरं सांगायला हवं. मी लगेच पुढं गेले नाही.  विठ्ठलरावांची भीती होती, सगळ्या गावाची होती, समोरच्या त्या डोळ्यांची होती, गेलेल्या माणसाला दुखावलं तर तो काय करेल याची होती. मी दादाकडं पाहिलं. तो वर डोळे मिटून पडला होता. डोळे मिटायचं काम माझं होतं. त्यानं कधी मिटले नव्हते. ते बघितलं आणि माझं भान सुटलं. पाण्याचा रिकामा ड्रम उपडा करून मी त्यावर चढले, आणि तात्यांच्या गळ्यात, कॉलरच्या जरा वर, रापी घातली.

कापड इतकं ताणलेलं होतं की पातं टेकल्याबरोबर ते आपण होऊन फाटत गेलं. गार वारा भसकन माझ्या तोंडावर आला, रंगाच्या वासासकट. मी अर्ध्या चंद्राची चीर पुरी केली. बल्ल्या अजून वाकलेल्याच. त्या चिरेच्या वर हात पोचत होता तो ओठांपर्यंत. मी रडत होते आणि "माफ करा तात्या, माफ करा तात्या" म्हणत होते, आणि म्हणत म्हणत मी त्यांचं तोंड या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत उघडलं.

तोंडातून आवाज आला. खोटं वाटेल, पण त्या चिरेतून वारा घुसला तेव्हा "हूऽऽ" असा जाड, लांबलचक आवाज निघाला, आणि सगळा मांडव गप्प झाला. एक म्हातारा हात जोडून खाली बसला. माझ्या हातातली रापी गळून पडली. मी ड्रमवर तशीच उभी राहिले, तात्यांच्या उघड्या तोंडापुढं, आणि तो आवाज माझ्या अंगावरून जात राहिला. पण गाल बसले. पोट ओसरलं. बल्ल्या करकरत मागं आल्या आणि माणसांनी दोर ओढून खुंट्यांना बांधले. शिडी लागली. दादा एकेक पाय चाचपत उतरला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी त्या तीन शब्दांची वाट बघत होते, पण ते आले नाहीत. 

विठ्ठलराव दोर टाकून माझ्याकडं आले. त्यांचा हात वर गेलेला मी पाहिला. अण्णा मध्ये येऊन हात जोडून उभे राहिले, "राव, मला मारा, पोरीला नगं."

"इठ्ठल, हात खाली घे."

आक्का खुर्चीतून उठल्या होत्या. त्या हळूहळू चालत आल्या, आणि मला वाटलं, आता खरी शिक्षा. त्यांनी आधी वर नवऱ्याच्या फाटक्या तोंडाकडं पाहिलं, मग दादाकडं.

"ह्यो कोण तुजा?"

"दादा... भाऊ हाय माजा."

"हातपाय नीट हायत का रं पोरा?" दादानं मान हलवली. आक्का लेकाकडं वळल्या. "तुजा बाप वर्षामागं गेला, इठ्ठल. म्या माज्या हातानं त्यास्नी शेवटचं पाणी पाजलं. ह्यो कापडाचा हाय. कापडाच्या माणसापायी दुसऱ्या बाईचं लेकरू घालवू व्हय म्या?" विठ्ठलरावांचा हात खाली आला. मग त्या मला म्हणाल्या, "आन् तू रडायलीस कशाला? उतर खाली. ही भोकं आता फाटत जातील का अशीच?"

मी हुंदके देतच सांगितलं, "व्हय आक्का. चिरंच्या टोकाला रिंग ठोकली तर थांबतील."

"मग ठोक की! माणसं जेवायची थांबलीत."

वारा जरा पडल्यावर फलक उतरवून सतरंजीवर पसरला. माझे हात इतके कापत होते की पंच जाग्यावर बसेना, कापड सरकत होतं. तेव्हा आक्का खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही तळव्यांनी नवऱ्याची हनुवटी दाबून धरली. मी घाबरून म्हणून गेले, "हलू देऊ नका." सगळ्या गावादेखत मी आक्कांना हुकूम सोडला! बायकांनी पदर तोंडाला लावले. आक्का म्हणाल्या, "जितेपणी कुणाचं ऐकून घ्यायचे न्हाईत. जाऊ दे जरा वारा तोंडात." आणि पहिल्यांदा मांडवात कुणीतरी हसलं. पण मी जवळ होते, म्हणून मला दिसलं, हनुवटीवरच्या त्यांच्या तळव्यांच्या मध्ये रंगावर टपटप पाणी पडत होतं. त्यांनी ते पदरानं पुसलं, अगदी जिवंत माणसाचं तोंड पुसावं तसं. मी ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक रिंग ठोकली. मग गळ्याला. ठोके बरोबर बसले. अंगठा लावून बघितलं, एकही फिरली नाही.

खांब पुन्हा ठोकून पक्के केले, आणि फलक पुन्हा चढवायची वेळ आली. अण्णा म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी पाठवू. दादा म्हणाला, "मीच जातो." मी त्याचा सदरा धरला. त्यानं तो सोडवून घेतला, म्हणाला, "आता न्हाई चढलो तर मग कधीच चढणार न्हाई मी." तो वर गेला आणि मी डोळे मिटले. वारा परत सुटला होता. तात्यांच्या तोंडातून "हूऽऽ" येत होतं, आता हळू. मी शेजारी चाचपडून जो हात लागला तो गच्च धरला, नखं रुतेपर्यंत. किती वेळ गेला कोण जाणे. शीळ काही आली नाही. मग अगदी जवळून, बसक्या आवाजात ऐकू आलं, "सवे, आलो गं." डोळे उघडले तेव्हा कळलं, मी आक्कांचा हात धरला होता. त्यांनी तो काढून घेतला नव्हता.

त्यानंतर बऱ्याच रात्री मला तो आवाज यायचा, आणि पुन्हा माकणीला जायचं नाव काढलं की मला ताप भरायचा. दादाही वर चढला की पूर्वीसारखी शीळ घालेनासा झाला. त्याला काय वाटत होतं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता अण्णा नाहीत, चाचाही नाहीत. दुकान दादा चालवतो. फ्लेक्सचे गठ्ठे येतात आणि रिंगा मशीनवर बसतात, एक दांडा दाबला की झालं, आवाजसुद्धा नाही. माझं सासर गावातच, म्हणून मी अजून दुकानात जाऊन बसते. गेल्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. ओळखायला मला वेळ लागला. विठ्ठलरावांनी पिशवीतून आक्कांचा फोटो काढून माझ्या हातात दिला.

"गेल्या," ते म्हणाले. "पर आधीच सांगून ठेवलं हुतं. माज्या फोटोला खिडक्या आधीच पाडा म्हणाल्या. आन् रिंगा मशीनवर न्हाई, त्या भित्र्या पोरीकडनंच ठोकून घ्या."

फोटोचा फ्लेक्स छापून आला तेव्हा विठ्ठलराव पुन्हा आले, आणि मी माळ्यावरून चिंचेचा ठोकळा काढला. आक्कांचं तोंड जमिनीवर पसरलं आणि रापी हातात घेतली तेव्हा तेच झालं, हात कापायला लागला, एवढ्या वयात. विठ्ठलराव काठी बाजूला ठेवून खाली बसले आणि न सांगता त्यांनी दोन्ही तळव्यांनी कापड दाबून धरलं.

माकणीला दादाच चढला. आता त्याचं पोट सुटलंय, गुडघे दुखतात. मी नको म्हणत होते, पण त्यानं ऐकलं नाही. पाण्यावरून वारा येत होता. मी डोळे मिटले. सवयीनं शेजारी हात पुढं केला, तर तिथं कुणीच नव्हतं. तो तसाच रिकामा धरून मी उभी राहिले. वर खिडक्या उघडायचा, मिटायचा आवाज येत होता. आणि मग, पुष्कळ वर्षांनी, वरून शीळ ऐकू आली.

"सवे," थोड्या वेळानं दादा धापा टाकत म्हणाला, "आलो गं."